लाकडी पेनवर लेसरने नाव कोरायचंय : पेन आधी कसं तयार करावं?

कातकाम_वर्तकनगर

नमस्कार मंडळी,

चार वर्षं झाली, ठाण्यात वर्तकनगरच्या घरी गॅलरीत छोट्या लेथवर लाकडी पेनं करतो. आजवर एकाही पेनावर काही कोरून दिलं नव्हतं. यंदा आमच्या शाळेच्या बॅचने ठरवलं की ५ सप्टेंबरला सगळ्या शिक्षकांना त्यांचं नाव कोरलेलं पेन द्यायचं. एकूण बावीस पेनं. ज्यांनी आम्हाला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांचं नाव मराठीतच हवं, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

पहिली सहा पेनं सागाची केली. माझी पद्धत अशी : १९ मिमीची चौरस पट्टी, ७ मिमीचं भोक, पितळी नळी इपॉक्सीने बसवायची, लेथवर कातायचं, पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत, मग स्पिरिटमधल्या चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, चार हात आणि वर मेण. चकाकी आली की वागळे इस्टेटमधल्या एका लेसरवाल्याकडे नेली.

घरी आणून दिव्याखाली धरली आणि जीव तुटला. अक्षरांभोवती तपकिरी धूर बसलाय. अक्षराची एकच रेघ कुठे खोल, कुठे नुसती खरवडल्यासारखी. नावाचं पहिलं अक्षर ठसठशीत, शेवटचं फिकट. आणि अनुस्वार गेला, 'शिंदे'चं 'शिदे' झालं. बाईंच्या हातात असं पेन मी देऊ शकत नाही.

सध्या त्या दुकानात मखरांच्या कामाची झुंबड आहे. त्यांनी मी दिलेली फाइल, मी दिलेलं पेन, जसंच्या तसं चालवलं. मला वाटतं, घोळ मशीनवर जायच्या आधीच झालाय. लाकूड, पॉलिश, फाइल, नेमकं काय चुकलं? अजून सोळा करायची आहेत, आणि ही सहा परत.

लेसर_महापे

महाप्यात एमआयडीसीत माझं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर मशीन आहे, रोज लाकूड कोरतो. तुमचं वर्णन वाचून तीन गोष्टी लगेच दिसतात.

पहिली, साग. सागाच्या वर्षवलयात एक पट्टा मोठ्या छिद्रांचा आणि मऊ असतो, त्याला लागून दुसरा घट्ट. किरण तोच, वेग तोच, पण मऊ पट्टा भसकन जळतो आणि घट्ट पट्टा टिकून राहतो. म्हणून एका रेघेत खोल-उथळ. हे मशीनच्या सेटिंगने थोडं कमी होतं, जात नाही. सोफ्याच्या पाठीवर दोन इंचांचं अक्षर असेल तर कुणाला कळणारही नाही. पेनावर तीन मिमीचं अक्षर असतं, तिथे एकेक नस अक्षराएवढी मोठी होते.

दुसरी, मेण. लेसरकडे द्यायच्या पेनावर मेण नकोच. उष्णतेने ते वितळतं, काजळी त्यात मिसळते आणि पुसायला गेलं की पसरते. मेण सगळ्यात शेवटी.

तिसरी, उतार. पेन मध्ये जाड आणि टोकाला बारीक आहे ना? दांडी, म्हणजे पेनाचा लाकडी भाग, पाटावर आडवी ठेवली तर वरची बाजू एका टोकाला खाली जाते. व्यासात २ मिमीचा फरक असेल तर वरची रेषा पूर्ण २ मिमी उतरते. भिंगाचा फोकस पहिल्या अक्षरावर लावला असणार, म्हणून शेवटचं फिकट.

कातकाम_वर्तकनगर

हो, अगदी तसंच. जाड भाग १२ मिमी, टोक १० मिमी. टोकाखाली पाचर घालायची का मग?

लेसर_महापे

पाचर चालते. बारीक टोकाखाली २ मिमीची पट्टी सरकवा, वरची रेषा सपाट होते. पण बावीस पेनांना एकसारखं हवं असेल तर त्याहून चांगलं म्हणजे दांडीच्या पितळी नळीतून तिच्या आतल्या व्यासाहून जरा बारीक सळई घाला आणि सळईची दोन्ही टोकं दोन ठोकळ्यांच्या खाचांत टेकवा. दांडी अधांतरी राहते. आता अक्ष सरळ आहे, त्यामुळे फरक फक्त त्रिज्येचा उरतो, म्हणजे १ मिमी. मग बारीक टोकाकडच्या ठोकळ्याखाली १ मिमीची पट्टी.

आणखी एक फायदा. आत्ताच्या दिवसांत सगळ्या लेसरवाल्यांच्या मशीनच्या जाळीवर मखरांच्या एमडीएफ फळ्यांचा चिकट डांबरासारखा थर असतो. दांडी जाळीला टेकली नाही तर तो डाग लागत नाही.

नुसतं नाव असेल तर फिरवणाऱ्या जोडाची, म्हणजे रोटरीची, गरज नाही. रुळांवरची रोटरी तर पेनाला नकोच. दांडी हलकी असते, घसरते, आणि निमुळती असली की चालता चालता बाजूला सरकते.

मिस्त्रीचा_नातू

सागाबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे. आजोबा म्हणायचे, साग दाराला, हळदू कातकामाला. हळदू पिवळं, बारीक छिद्रांचं, सगळीकडे एकसारख्या घट्टपणाचं लाकूड. पूर्वी गिरण्यांच्या कांड्यांना, फण्यांना, खेळण्यांना हेच जायचं. त्यावर जळकं अक्षर तपकिरी आणि धारदार उठतं. दुसरं शिवण. फिकट आणि हलकं, पण जरा मऊ, म्हणून शक्ती कमी ठेवावी लागेल. शिसम दिसायला राजा आहे, पण काळपट लाकडावर काळं अक्षर वाचायचं कसं? त्यात रंग भरावा लागेल.

लाकूड वखारीतून आणाल तर या हवेत लगेच भोक पाडू नका. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत लाकूड सोळा टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं. पट्ट्या कापा, घरात कोरड्या जागी ठेवा, दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की काम सुरू. नाहीतर पितळी नळी जागची हलत नाही, लाकूड मात्र आकसतं, आणि दोन महिन्यांत बरोबर नावावरून चीर जाते.

चपडा_कोपरी

मी निवृत्त आहे, फर्निचरच्या पॉलिशमध्ये उभा जन्म गेला. लेसर मला कळत नाही, पण डाग कळतो. तुमचा लेसरवाला काजळी कशाने पुसतो? स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असेल तर त्यात तुमचा चपडाच विरघळतो. तो विरघळलेला चपडा काजळीसकट अक्षराभोवती फिरतो आणि वाळतो. तो जो तपकिरी डाग म्हणताय, त्यातला अर्धा धूर आहे आणि अर्धं तुमचंच पॉलिश.

चपड्यावर पुसायचं असेल तर टर्पेंटाइन घ्या, फडक्याला नुसता वास लागेल इतकं. चपड्याला ते धक्का लावत नाही.

कातकाम_वर्तकनगर

काका, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आत्ताच एका खराब पेनावर करून पाहिलं. स्पिरिटच्या बोळ्याने डाग पसरला, टर्पेंटाइनने नुसती वरची काजळी निघाली. मनापासून धन्यवाद.

अक्षरवेल

नेरुळहून. मी निमंत्रणपत्रिका आणि पाट्यांचं डिझाइन करते. अनुस्वाराचा प्रश्न फाइलचा आहे, त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही.

रोमन अक्षर एका पट्टीत बसतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, आणि खाली उकार. मूळ अक्षर ३ मिमीचं घेतलं तर वरपासून खालपर्यंत नाव ५ मिमी होतं. १२ मिमीच्या गोल दांडीवर ३ मिमी उंचीच्या मजकुराच्या कडा माथ्यापासून फक्त ०.२ मिमी खाली जातात. ५ मिमीला त्या अर्ध्या मिमीहून जास्त उतरतात. त्यात शिरोरेषेचा किंवा मूळ अक्षराचा मध्य माथ्यावर धरला तर एक बाजू आणखी खाली जाते. म्हणून मात्रा-उकारांसकट पूर्ण उंची मोजा, तिचा मध्य काढा आणि तो दांडीच्या माथ्यावर आणा.

अनुस्वार नेमका वरच्या कडेला असतो, म्हणजे फोकसच्या वाईट जागी. शिवाय तो बारीक. मशीनच्या दोन ओळींत ०.१ मिमी अंतर असेल तर ०.३ मिमीच्या टिंबावर किरण जेमतेम तीन वेळा जातो. त्याला हाताने मोठं करा, निदान अर्धा मिमी. सुलेखनात बोरूच्या टोकाने काढलेला चौकोनी तिरका अनुस्वार असतो, तो गोल टिंबापेक्षा छान टिकतो.

फॉन्ट बारीक नको. शिरोरेषा आणि उभे दंड एकाच जाडीचे असलेला, जरा भरीव फॉन्ट निवडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : मजकूर टाइप केलेल्या अवस्थेत कुणाला पाठवू नका. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचा पाथ, म्हणजे नुसती बाह्यरेषा, करा. नंतर युनियन, म्हणजे सगळे आकार एकत्र, करा, हे विसरू नका. बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. नुसता पाथ केला तर जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात, तो भाग कोरणारं सॉफ्टवेअर पोकळ धरू शकतं, आणि शिरोरेषेत पांढऱ्या फटी दिसतात. युनियन केलं की सगळं नाव एकसंध आकृती होतं. मग त्याची एसव्हीजी (रेषांच्या चित्राची) फाइल करून द्या.

कातकाम_वर्तकनगर

ताई, माझ्या सहापैकी दोन पेनांवर शिरोरेषेत अशाच फटी आहेत. मी समजत होतो लाकूडच तिथे कडक असेल.

गॅलरी_लेसर

मीही ठाण्यातच, घोडबंदर रोडला. माझ्याकडे निळा डायोड लेसर आहे, घरगुती. प्रश्न असा की कोरायचं पॉलिशच्या आधी की नंतर? इंटरनेटवर निम्मे लोक आधी सांगतात, निम्मे नंतर.

लेसर_महापे

मी नंतरच्या बाजूचा. पॉलिश झालेल्या पृष्ठभागावर काजळी आत मुरत नाही, पुसली की निघते. कच्च्या लाकडाच्या छिद्रांत शिरलेली काजळी पॉलिश पेपरने घासावी लागते, आणि घासताना अक्षरही उथळ होतं.

मिस्त्रीचा_नातू

मला नाही पटत. पॉलिश करून मग कोरलं तर अक्षराच्या आतलं लाकूड उघडं राहतं. पेन दिवसभर घामाच्या बोटांत असतं. सहा महिन्यांत त्या खाचांत मळ बसतो आणि कडेने पॉलिश उचकटायला लागतं. कोरून झाल्यावर वरून हात मारायलाच हवा.

लेसर_महापे

वरून हात मारायला माझी ना नाही. पण तो दुसरा हात. पहिला कोरण्याआधीच हवा.

आणि गॅलरी_लेसर, तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे. माझ्या सीओटूच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. पारदर्शक पॉलिश तो वरच्या वर शोषून घेतं, म्हणजे पॉलिश आणि लाकूड दोन्ही वरून खाली नीट उडत जातं. तुमचा डायोड ४५० ते ४५५ नॅनोमीटरचा, निळा उजेडच तो. पारदर्शक थरातून तो आरपार जातो आणि खालचं लाकूड जळतं. त्या धुराला बाहेर पडायला वाट नसते, मग जाड थराखाली फुगे येतात आणि कडा उचलतात. डायोडवर, पॉलिश म्हणून चढवलेल्या सुपरग्लूच्या जाड चकचकीत थरावर कोरू नका. पातळ चपड्याचे दोन हात, कोरणं, मग पुढचं पॉलिश.

सुपरग्लूचं पॉलिश सीओटूवरही जळताना डोळ्यांना फार झोंबतं, धूर ओढणारा पंखा चालू हवा. आणि गॅलरीत उघडा डायोड चालवत असाल तर कृपा करून त्याला पेटी करा, त्या तरंगलांबीचा चष्मा वापरा आणि मशीन सोडून आत जाऊ नका. घरात मुलं असतील तर जास्तच. अक्षराभोवती चिकटपट्टी लावणार असाल तर कागदी मास्किंग टेप लावा. पीव्हीसीचं स्टिकर कधीही नको, त्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो.

चपडा_कोपरी

आधी की नंतर हा वाद आमच्याकडे नव्हता. 'सील' करणं वेगळं, 'पॉलिश' करणं वेगळं. चपड्याचा पातळ हात म्हणजे छिद्रांचं तोंड बंद करणं. ते कोरण्याआधी. चकाकी सगळ्यात शेवटी. दोघेही बरोबर बोलताय.

कातकाम_वर्तकनगर

उशीर झाला, पण रिकामा बसलो नव्हतो. शहापूरच्या एका वखारीत हळदूच्या वाळलेल्या फळ्या मिळाल्या. पट्ट्या करून तीन आठवडे वजन करत होतो. शेवटच्या दोन रविवारी काटा हलला नाही, तेव्हा भोकं पाडली. मग चार दांड्या फक्त चाचणीसाठी केल्या आणि महाप्याला दादांकडे घेऊन गेलो. त्यांनी गर्दीत दीड तास दिला, त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडे.

पहिली दांडी कच्ची, ६०० पर्यंत घासलेली, टेप नाही. अक्षर स्वच्छ, पण भोवती धुराची सावली, आणि ती छिद्रांत शिरली. घासून गेली, पण अक्षराची खोली घटली.

दुसरी चपड्याचे दोन पातळ हात देऊन. सावली टर्पेंटाइनने दोन पुसण्यांत गेली. हीच सगळ्यात सुंदर.

तिसरी चपडा अधिक कागदी टेप. सावली अजिबात नाही. पण टेपची चिवट कड अक्षराच्या पोटात, 'श'च्या वळणात, अडकून राहिली आणि टाचणीने काढावी लागली. बावीस नावं म्हणजे शेदीडशे अक्षरं. टेप फक्त रंग भरायचा असेल तेव्हाच वापरीन.

चौथी सुपरग्लूचं पूर्ण पॉलिश. सीओटूवर नीट कोरली गेली, पण अक्षराच्या कडेला पांढुरकी धार दिसते. कदाचित पुढचा हात मारला की झाकली जाईल, मला ती आवडली नाही.

दुसऱ्या दांडीत एक गोष्ट नव्याने कळली. लेथ फिरत असताना पेपर लावला की ओरखडे दांडीभोवती गोल पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण काजळी त्या प्रत्येक ओरखड्यात बसते आणि अंगठ्या घातल्यासारख्या रेघा उठतात. आता प्रत्येक नंबरच्या पेपरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेने, नसेबरोबर, हाताने घासतो. ४०० नंतर ओलसर फडकं फिरवून वाळू देतो. लाकडाची लव उभी राहते, ती पुढच्या पेपरने साफ करतो. मग चपडा.

खोलीबद्दल दादांनी एक मोलाचा इशारा दिला. माझ्या या नव्या दांडीचं टोक धातूच्या भागाला जुळवायला साडेआठ मिमीपर्यंत उतरतं आणि आत नळी ७ मिमीची. म्हणजे तिथे लाकूड पाऊण मिमीच. खोल कोरलं तर गोंद आणि पितळ उघडं पडेल. म्हणून नाव जाड भागात घेतलं आणि खोली पाव मिमीच्या आसपास ठेवली.

अक्षरवेल

नावाची दिशा ठरवलीत का? उजव्या हाताने लिहिणाऱ्याला लिहिताना नाव सुलटं दिसायचं असेल तर ते निबेच्या बाजूने सुरू व्हायला हवं. डावखुऱ्याला टोपीच्या बाजूने. आमच्या ड्रॉइंगच्या बाई डावखुऱ्या होत्या, म्हणून आठवलं.

कातकाम_वर्तकनगर

बॅचच्या ग्रुपवर विचारलं. दोन शिक्षक डावखुरे निघाले. एकांचं फळ्यावरचं डाव्या हाताचं लेखन सगळ्यांना आठवत होतं, मलाही. त्या दोघांची फाइल उलटी फिरवली.

गॅलरी_लेसर

रंग भरायचा झाला तर काय करायचं? माझ्याकडे शिसमाचे तुकडे आहेत.

चपडा_कोपरी

कोरल्यावर खाचेच्या भिंती कोऱ्या असतात. तसाच रंग ओतलात तर तो नसेनसेने बाजूला पळतो, टेपच्या खालूनही. आधी बारीक कुंचल्याने खाचेत चपड्याचा एक पातळ हात, तो वाळला की ॲक्रिलिक रंग, आणि रंग अर्धवट सुकलेला असतानाच टेप काढायची. पूर्ण सुकू दिलात तर टेपबरोबर कड निघते. शिसमासारख्या काळ्या लाकडावर पांढऱ्यापेक्षा हस्तिदंती रंग शोभतो.

शिसम आणि साग दोन्ही तेलकट लाकडं. नळी चिकटवण्याआधी भोक ॲसिटोनने पुसून घ्या, नाहीतर गोंद धरत नाही. आणि शिसमाचा भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

कातकाम_वर्तकनगर

काल रात्री बावीसच्या बावीस दांड्या कोरून झाल्या. सळई आणि दोन ठोकळ्यांचा साचा घरीच केला. प्रत्येक दांडीवर ज्या बाजूला नस सुंदर आहे तिथे आधीच टेपचा तुकडा लावून ठेवला होता, त्यामुळे मशीनवर विचार करावा लागला नाही. प्रत्येकी साधारण दोन मिनिटं. हळदूचा एक तुकडा वेगळा नेला होता. दोन ठिकाणी वेग बदलून आधी त्यावर कोरून पाहिलं, मगच खऱ्या दांडीला हात लावला.

आता शेवटचे तीन हात चपडा आणि मेण बाकी. नळीच्या तोंडात पॉलिशचा ओघळ वाळला असेल तर तो खरवडूनच धातूचे भाग दाबायचे, नाहीतर टोकाला तडा जातो. जुन्या सहांपैकी एकाला गेला होता.

'शिंदे'वरचा अनुस्वार चौकोनी आणि तिरका घेतलाय, ताईंनी सांगितल्यासारखा. बोट फिरवलं तर तो जाणवतो.

लेसर_महापे

तो साचा परत जाताना माझ्याकडे ठेवून जा. पुढच्या महिन्यात एकाला बासरीवर नाव कोरून हवंय.

कातकाम_वर्तकनगर

रविवारी सकाळी ठाणे-वाशी लोकलने येतो, साचा घेऊन. चपडा_कोपरी काका, तुम्ही कोपरीचेच, सोबत आलात तर दोन्ही कामं होतील. बरणीत राहिलेला चपडा दुधाळ झालाय, तो वापरावा की टाकावा ते तुम्ही डोळ्याने बघूनच सांगा.

चपडा_कोपरी

दुधाळ झाला म्हणजे ओल धरली. पेनांना लावू नकोस, मी ताजा भिजवून आणतो. साडेनऊला स्टेशनवर पूर्वेला तिकीटखिडकीपाशी उभा राहतो.